आधी जाजम, मग व्याख्यान

एका तरुण सहायक प्राध्यापिकेने विचारलं आहे: "दोन वर्षांपूर्वी विद्यापीठात रुजू झाले. या वर्षी विद्यार्थिनी मंचाचं काम माझ्याकडे आलंय. चांगल्या चांगल्या पाहुण्या बोलावतो, पण सभागृह हजेरी लावून भरवावं लागतं. 'कुणाला काही विचारायचंय का?' म्हटलं की सगळ्या खाली बघतात. हळदीकुंकू आणि रांगोळीला मात्र न बोलावता गर्दी. वक्त्या कोण निवडाव्यात, बाकीचे कार्यक्रम ठेवावेत की बंद करावेत, आणि वर्षभराचं कसं आखावं?"

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात मी हे काम बावीस वर्षं केलं. आधी 'युवती सभा' असं नाव होतं, पुढे 'विद्यार्थिनी मंच' झालं. तुमचा प्रश्न मी पहिली चार वर्षं रोज स्वतःला विचारत होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, त्या मुलींना प्रश्न नाहीत असं कृपया समजू नका. तालुक्याच्या गावाहून आलेली, पहिल्या सत्रातली मुलगी दोनशे खुर्च्यांच्या सभागृहात बसलेली आहे. शेजारी अनोळखी मुली, मागे विभागाचे सर उभे, समोर फुलांनी सजवलेलं टेबल. अशा जागी तिने आजवर स्वतःचं नावसुद्धा मोठ्याने सांगितलेलं नसतं. ती माइक हातात घेऊन पाळीबद्दल, लग्नाच्या घाईबद्दल किंवा बसमध्ये त्रास देणाऱ्या माणसाबद्दल कशी विचारेल?

मला हे कळलं ते एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांच्या व्याख्यानाच्या दिवशी. त्या तासभर बोलल्या, चित्रफिती दाखवल्या, उत्तम समजावलं. शेवटी प्रश्न शून्य. आभार झाले, सभागृह रिकामं झालं. डॉक्टरांची गाडी यायला वेळ होता म्हणून आम्ही कँटीनबाहेरच्या कट्ट्यावर चहा घेत बसलो. आधी एक मुलगी आली, मग तिच्या दोन मैत्रिणी, मग आणखी काही. डॉक्टर कट्ट्यावर, मुली भोवती जमिनीवर. पाऊण तास प्रश्न संपेनात. सहा सहा महिने पाळी न येणारी, पण आईला सांगायला घाबरणारी मुलगी मला त्या दिवशी भेटली. व्याख्यान तेच, डॉक्टर त्याच, मुलीही त्याच. बदलली होती ती फक्त बसायची पद्धत.

तेव्हापासून आम्ही चहा आधी आणला आणि खुर्च्या काढून जाजम आणलं. पाहुण्याही जाजमावरच बसायच्या. गुडघे दुखणाऱ्यांसाठी दोन-चार खुर्च्या कडेला, त्याही गोलातच. यात नवीन काही नाही. १८५२ च्या जानेवारीत, संक्रांतीला, सावित्रीबाई फुल्यांच्या पुढाकाराने पुण्यात महिला सेवा मंडळाचा तिळगूळ समारंभ झाला. कोणत्याही जातिधर्माच्या स्त्रिया आल्या तरी सगळ्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल आणि भेदभाव न करता हळदीकुंकू दिलं जाईल, असं त्याच्या निमंत्रणात होतं. पुण्यात मुलींची शाळा निघून तेव्हा चारच वर्षं झाली होती. बायकांना एकत्र आणायचं तर आधी कुणाशेजारी कोण बसणार हे ठरवावं लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं. तुमच्या दोन प्रश्नांचं माझं एकच उत्तर त्यात आहे. व्याख्यान आणि समारंभ अशा दोन वह्या करू नका. जमणं हा व्याख्यानाचा पूर्वार्ध आहे. ते नीट झालं तर वक्ती साधी असली तरी कार्यक्रम होतो.

आता हळदीकुंकू. ते बंद करा असं मी म्हणणार नाही, पण जसं आहे तसं ठेवूही नका. आमच्याकडे अनेक वर्षं ते व्हायचं आणि मेसमधल्या एक मावशी दर वेळी चहाची किटली दारातच ठेवून परत जायच्या. त्यांचे पती वारले होते. वडील नसलेल्या मुली त्या दिवशी 'आईला बोलवा' म्हटलं की गप्प होत. मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध मुलींपैकी बऱ्याच जणी त्या दुपारी लायब्ररीत बसत. हे मला फार उशिरा दिसलं, आणि मला दिसलं नाही याचं अजून वाईट वाटतं. दाखवलं ते बी.एस्सी.च्या एका मुलीने. ती सरळ दारात गेली, मावशींचा हात धरून त्यांना आत आणलं आणि पहिला तिळगूळ त्यांना दिला.

दुसऱ्या वर्षापासून आम्ही ३ जानेवारी ते रथसप्तमी या दिवसांत एक मेळावा करू लागलो. सावित्रीबाईंची जयंती ३ तारखेला, जिजाऊंची १२ ला, मग संक्रांत, म्हणजे तो काळ आपोआपच बायकांचा असतो. तिळगूळ सगळ्यांना. हळदीकुंकू ज्यांना हवं त्या सगळ्यांना, सवाष्ण की विधवा हा प्रश्नच नाही. ज्यांना नको त्यांना आग्रह नाही. विभागातल्या एक ज्येष्ठ सहकारी खूप नाराज झाल्या, परंपरा मोडता म्हणाल्या. मी वाद घातला नाही, त्यांनाच वाण निवडायची जबाबदारी दिली. पुढे २०२२ च्या मे महिन्यात आमच्याच भागातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. त्यानंतर आम्हाला कुणाला समजवावं लागलं नाही. गावाने केलं ते विद्यापीठाला जड का जावं?

वाणाचंही सांगते. प्लॅस्टिकच्या वाट्या देणं थांबवलं. एक जाड कागदाचं घडीपत्र छापलं: वसतिगृहाच्या रेक्टर, अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्या, समुपदेशक, जवळचं पोलीस ठाणं, ११२ आणि १८१. पर्समध्ये मावेल एवढं. सोबत तिळाची वडी. ते कागद मुलींनी फेकले नाहीत, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय.

आश्विनात हस्त नक्षत्र लागलं की हादगा करा. पुण्याकडे भोंडला म्हणतात, विदर्भ-खानदेशात भुलाबाई. तुमच्या विद्यापीठात तिन्हीकडच्या मुली असतील, त्यांना आपापली गाणी म्हणू द्या. पाटावर हत्ती काढायचा, फेर धरायचा, खिरापत ओळखायची. या गाण्यांत सासुरवासाच्या तक्रारी आधीपासूनच आहेत, बायकांनी त्या फेर धरून सांगितल्या. मग आजच्या मुलींनी आपल्या तक्रारी का सांगू नयेत? आम्ही प्रत्येक वसतिगृहाला एक नवं गाणं रचायला सांगायचो. मेसची भाकरी, साडेसातला बंद होणारं फाटक, अंतर्गत गुण, गावी आलेलं स्थळ, सगळं गाण्यात यायचं. रेक्टर मॅडमही फेरात असायच्या. फाटकाची वेळ एका वर्षी अर्ध्या तासाने वाढली, त्याची सुरुवात अशाच एका गाण्याने झाली होती. पुढच्या आठवड्याच्या पाहुणीला मी त्या गाण्यांचे कागद वाचायला द्यायची. मुलींच्या मनात काय आहे हे त्याहून चांगलं कुठलीही प्रश्नावली सांगत नाही.

वक्त्या कोण, याबद्दल माझं मत पक्कं झालंय. नामवंत पाहुणी वर्षातून एक पुरे, ८ मार्चला. बाकी वेळी अशी माणसं बोलवा ज्यांच्या कामाशी मुलीची पुढच्या पाच वर्षांत गाठ पडणार आहे: कौटुंबिक न्यायालयात काम करणारी वकील, पोलीस उपनिरीक्षक, कर्जाचे अर्ज बघणारी बँक अधिकारी, आरोग्यसेविका, एसटीतली वाहक. आणि दोन-तीन वर्षांपूर्वी इथूनच गेलेली, पहिली नोकरी लागलेली मुलगी. पहिला पगार किती, खोली कशी मिळाली, घरच्यांना कसं तयार केलं, हे ती सांगते तेव्हा सगळ्या पुढे सरकून बसतात.

सगळ्यात खोल रुजलेला कार्यक्रम म्हणून सातबाऱ्याच्या दुपारीबद्दल सांगते. शेती असलेल्या घरातल्या मुलींना आठवडाभर आधी सांगितलं, घरच्या जमिनीचा उतारा काढून आणा. महाभूमी या शासनाच्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर तो पाहायला मिळतो, त्यासाठी गट नंबर घरी विचारायला सांगितलं. तो विचारणं हाच अर्धा कार्यक्रम होता. 'तुला कशाला हवाय?' हे बहुतेकींना ऐकावं लागलं. ज्यांच्याकडे शेती नव्हती त्यांच्यासाठी नमुना उतारे ठेवले होते, आणि काहींनी घराची मिळकत पत्रिका आणली. मग एक निवृत्त तलाठी बाई आणि एक वकील असं दोघींना जाजमावर बसवलं. तलाठी बाईंनी शिकवलं: भोगवटादारांची नावं कुठे, फेरफार क्रमांक कुठे, कर्जाचा बोजा कुठे, आणि नावाला कंस झाला म्हणजे ते नाव नोंदीतून कमी झालं, त्याचा हक्क तिथे उरला नाही. मुली आपापल्या कागदावर बोट फिरवत होत्या. आईचं नाव मोजक्याच उताऱ्यांवर होतं. पण कंसात आत्यांची नावं कितीतरी. 'ही माझी बेबीआत्या' असं एक मुलगी हळूच म्हणाली, तो आवाज माझ्या कानात आहे.

मग वकिलांनी कायदा सांगितला. हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्राने १९९४ सालीच दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यात वगळल्या होत्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा हक्क जन्माने मिळतो, ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची गरज नाही. इतर धर्मांच्या मुलींसाठी वेगळे कायदे आहेत, तेही त्यांनी थोडक्यात सांगितले. हे विसरू नका, नाहीतर गोलातल्या काहीजणी पुन्हा बाहेर पडतात. शेवटी हक्कसोडपत्र. ते नोंदणीकृत दस्त असतं, सही करण्याआधी वाचता येतं, वेळ मागता येतो. दिवाळीला माहेरी आलेल्या बहिणीसमोर जेवणानंतर कागद ठेवला जातो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. हक्क घ्या किंवा सोडा असं आम्ही कुणाला सांगितलं नाही. वाचल्याशिवाय सही करू नका, एवढंच सांगितलं. अशा विषयाला 'महिला सक्षमीकरण' असं नाव दिलंत तर कुणी येणार नाही. आम्ही फळ्यावर लिहिलं होतं: 'आत्याचं नाव कंसात का?'

यावरून एक सवय लावून घ्या. पाहुणीला पत्र लिहिताना विषय देऊ नका, प्रश्न द्या. त्यासाठी चिठ्ठ्यांचा डबा ठेवा. तो विभागाच्या कार्यालयात नको, तिथे कुणी टाकत नाही. वसतिगृहाच्या जिन्याखाली किंवा मुलींच्या कॉमन रूममध्ये ठेवा. आठवडाभर आधी उघडा, नावं नसतातच, तरी अक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रश्न नव्याने लिहून काढा आणि पाहुणीला पाठवा. तिला सांगा, वीस-पंचवीस मिनिटं बोला, मग या प्रश्नांपासून सुरुवात करा. स्वतःचा प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून ऐकला की मुलगी धीट होते आणि पुढचा स्वतः विचारते.

मानधन आणि प्रवासखर्च त्याच दिवशी द्या, व्हाउचरवर सही घेऊन. सामाजिक काम करणाऱ्या बायकांना लोक फुकट बोलावतात आणि बसचं तिकीटही त्या स्वतः काढतात. बायकांच्या कामाचं मोल यावर व्याख्यान ठेवून हे करणं मला पटत नाही. रक्कम लहान असली तरी चालेल. शाल-श्रीफळात मात्र वेळ घालवू नका. परिचय एका विद्यार्थिनीने दोन मिनिटांत करावा, आदल्या दिवशी पाहुणीशी फोनवर बोलून.

वेळेचं गणित शेवटच्या एसटीवर ठरतं. पासवर ये-जा करणाऱ्या मुलींसाठी कार्यक्रम दुपारी साडेबारा ते दोन, डबे सोबत घेऊन. वसतिगृहाच्या मुलींसाठी रात्रीच्या जेवणानंतर. एकच कार्यक्रम दोघींसाठी ठेवला तर एक गट कायम सुटतो.

नॅकसाठी, म्हणजे विद्यापीठाच्या मूल्यांकनासाठी, फोटो आणि अहवाल लागतो, त्यातून सुटका नाही. पहिल्या दहा मिनिटांत फोटो काढा आणि मग सगळ्यांसमोर कॅमेरा बंद करा. चित्रीकरण नकोच. विभागाचे पुरुष सहकारी स्वागताला यावेत, पण प्रश्नांच्या वेळी थांबू नयेत. आधीच प्रेमाने सांगितलं तर कुणी रागवत नाही. मुलग्यांसोबतचे कार्यक्रम वर्षातून एक-दोन हवेतच, ते वेगळे ठेवा.

स्वयंपाक आणि वाढणं मुलींवर टाकू नका. मंचाच्या कार्यक्रमात निम्म्या मुली पोहे परतत आणि ताटल्या उचलत असतील तर त्यांनी काय ऐकलं? जवळच्या बचत गटाकडून खाणं मागवा.

जरा अवघड भाग. एका वर्षी आम्ही हिंसाचारावरचं सत्र शुक्रवारी दुपारी चारला ठेवलं. पाहुण्या गेल्या, मीही घरी गेले, पुढे दोन दिवस सुट्टी. सोमवारी कळलं की एका मुलीच्या मनात जुनं काहीतरी उघडलं गेलं होतं आणि ती ते दोन दिवस वसतिगृहाच्या खोलीत एकटीच रडत होती. ती चूक माझी होती. त्यानंतर असा विषय सुट्टीच्या आदल्या दिवशी कधीच ठेवला नाही आणि कार्यक्रम संपल्यावर दोघी शिक्षिका तासभर तिथेच थांबायच्या, काही काम नसल्यासारख्या. समुपदेशकही त्या दिवशी हजर हवी.

आणि मंच म्हणजे तक्रार समिती नाही, हे स्वतः लक्षात ठेवा. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आणि विद्यार्थ्यांसाठीचे २०१५ चे विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम यांनुसार अंतर्गत समिती असते, तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. लिहिता येत नसेल तर मदत मिळते, सबळ कारण असेल तर मुदत वाढू शकते. मुलगी तुमच्याशी बोलली तर ऐका, 'कुणाला सांगणार नाही' असं सरसकट वचन देऊ नका, पुढची वाट दाखवा आणि हवं असेल तर सोबत चालत जा. पाहुणीने तिथल्या तिथे निवाडा करू नये.

काही वेळा पाहुणीच चुकते. एकदा एका बाईंनी मुलींना कपड्यांवरून, उशिरापर्यंत बाहेर राहण्यावरून ऐकवलं, जणू त्रास होतो तो त्यांच्यामुळेच. मी यजमान म्हणून गप्प बसले. त्या बॅचच्या मुली अजून भेटतात तेव्हा मला तो दिवस आठवतो. पुढे मी आधीच फोनवर स्पष्ट बोलू लागले. तरीही असं झालंच तर उठून, शांतपणे, 'मॅडम, आमच्या मंचाचं मत वेगळं आहे' एवढं म्हणायचं. मुलींना तुमचं ते वाक्य ऐकू येणं फार गरजेचं आहे.

माझा आवडता कार्यक्रम आज्यांचा. फेब्रुवारीत एक दिवस आई किंवा आजीला विद्यापीठात आणायचं. ऑगस्ट २०२२ पासून एसटीत पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट, त्यामुळे येणं सोपं झालंय. प्रयोगशाळा, ग्रंथालय, मुलगी बसते तो बाक, सगळं दाखवायचं. मग जाजमावर आज्या बोलणार, आपण ऐकणार. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्या गाणाऱ्या अशाच बायका होत्या. आधी कुणी बोलत नाही. मग एक आजी पदर सावरून ओवी लावते, दुसरी पुढची जोडते, आणि नाती वहीत उतरवून घेतात. ज्या आईने लेकीची प्रयोगशाळा पाहिली, ती घरी 'आता पुरे शिक्षण' म्हणायला निघालेल्या माणसासमोर उभी राहताना मी पाहिलीय.

हजेरीची सक्ती काढून टाका. पहिल्या वेळी पंचवीस मुली येतील. येऊ द्या. त्या पंचवीस जणींची नावं तुम्हाला पाठ व्हायला हवीत, एवढं पुरे.

या सत्रात सगळं करायला जाऊ नका. ऑगस्टमध्ये डबा ठेवा, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हादगा, परीक्षा झाल्यावर एक दुपार कामाच्या पाहुणीची, जानेवारीत मेळावा. जाजम मंडपवाल्याकडे भाड्याने मिळतं. आणि कार्यक्रमाच्या सकाळी त्या मजल्यावरचं मुलींचं स्वच्छतागृह उघडं आहे का, नळाला पाणी आहे का, हे शिपायाला न विचारता स्वतः जाऊन बघा. आज्या येणार असतील त्या दिवशी तर दोनदा बघा.